बटईचं गोदाम

काकासाहेबांची हुशारी त्यांच्या एकट्याच्या डोक्यात मावत नाही, म्हणून ती आमच्या डोक्यावर सांडते. जालन्याला त्यांची बियाण्यांची कंपनी आहे, तिथं मी हिशेब बघते. कर्ज देताना बँकेनं अट घातली होती, की ठरल्यापेक्षा जास्त भाडं कंपनीनं डोक्यावर घ्यायचं नाही. घेतलं तर सगळं कर्ज एकदम परत. ती मर्यादा भरली होती आणि मक्याचं बियाणं तर दारात येऊन पडलं होतं.

"भाडंच द्यायचं न्हाई," काकासाहेब म्हणाले. "बटईनं घेऊ."

वाटूरच्या रायभानबाबांचं गोदाम गावाबाहेर रिकामं होतं. शेत बटईनं देतात तसंच हे ठरलं: जागा मालकाची, राबणं आपलं, पीक निम्मं निम्मं. गोदामात काय डोंबल पिकणार, म्हणून काकासाहेब पोट धरून हसले. मलाही हसू आलं. रायभानबाबा मात्र हसले नाहीत.

"तिथं जे पिकंल त्यातलं निम्मं. बराबर?"

"बिलकुल!" काकासाहेबांनी त्यांच्या हातावर हात मारला.

राखणीला माझा धाकटा भाऊ अंगद गेला. गोदामाच्या खोलीत तो आणि त्याची बायको शीतल राहू लागले. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी त्यांच्या घरी पाळणा हलला नव्हता. तिथं गेल्यावर शीतलला दिवस राहिले. मी ऑफिसात पेढे वाटले.

मग उगवण तपासायला गोदामातून बियाणं आणलं. ट्रेची एक बाजू हिरवीगार, दुसरी कोरी, मधून दोरी धरून आखल्यासारखी रेघ. दुसऱ्या ट्रेमध्येही तेच. काकासाहेबांनी तपासणाऱ्या पोरांना झापलं. त्याच आठवड्यात अंगद म्हणाला, गोदामातली मांजर व्यालीय, पिल्लं चार होती, सकाळी दोनच राहिली. दाराला कुलूप होतं, रक्ताचा थेंब नव्हता. मांजर उरलेल्यांना चाटत निवांत पडली होती.

आणि परवा त्याचा फोन आला. आनंदानं त्याला बोलताही येत नव्हतं.

"ताई, सोनोग्राफी झाली. जुळं हाय!"

मी हिशेब केला: चारातली दोन, दोनातलं एक.

मी तडक काकासाहेबांसमोर उभी राहिले. "त्या गोदामाचं भाडं ठरवा. आजच. बटई मोडा."

"येडी झाली का? मर्यादेच्या वर गेलो तर बँक मला बाजारात उभं करंल. अन् तेही मांजरीच्या पिल्लांपायी?"

त्यांना जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. गाडी काढली, अंगद आणि शीतलला सामानासकट बाहेर काढलं, त्यांना जालन्याच्या दवाखान्यात सोडलं आणि गोदामाची चावी घेऊन भर दुपारी परत वाटूर गाठलं.

रायभानबाबा अंगणात बसले होते. त्यांची बायको वच्छलाबाई ओसरीच्या आढ्याला जुन्या लुगड्याची झोळी बांधत होती. साठीची बाई, मूलबाळ कधी झालंच नाही तिला.

मी चावी त्यांच्या पुढ्यात टाकली. "बटई मोडली, बाबा. आमची माणसं न्हेली."

"मोडा की," ते शांतपणे म्हणाले. "पुढच्या साली दुसऱ्याला देऊ. पण औंदाचं तर तिथंच पेरलं गेल्तं ना, बाई?"

माझा फोन वाजला. अंगद रडत होता. "ताई, डॉक्टर म्हणत्यात एकाचेच ठोके ऐकू येत्यात. दुसरं दिसतच न्हाई. शीतलला काय पण झालं न्हाई, रक्त न्हाई, दुखलं न्हाई. मंग गेलं कुठं ते?"

वच्छलाबाईनं झोळीला हलकेच झोका दिला. झोळी वजनानं खाली ओढली गेली होती, आणि ती बाई ओठांवर बोट ठेवून मला गप्प राहायला सांगत होती.