कालच्या थरावर आजचा

आता ऑफिसातलं मशीन तेच काम चार मिनिटांत उरकतं, आणि खरं सांगू, मला चुकल्याचुकल्यासारखं होतं. त्या मे महिन्यात मी त्या कामापायी रडले होते, आईची बोलणी खाल्ली होती. तरी तो महिना परत मिळाला तर मी आत्ता रत्नागिरीची गाडी पकडीन.

विंडोज मी पुसलं, हे आधीच कबूल करते. मुद्दाम नाही हो! २००१ सालचा एप्रिल, बीएस्सीची परीक्षा आटपलेली, आणि चिपळूणच्या मैत्रिणीने, तेजस्वीने, मासिकाबरोबर आलेली लिनक्सची सीडी हातात दिलेली. हात शिवशिवायचेच! 'सगळी डिस्क वापरू का?' असं मशीनने विचारल्यावर मी ऐटीत 'हो' म्हटलं. तासाभरात सलिलदादाचा कॉम्प्युटर लिनक्सचा झाला आणि मुकाही झाला. त्यातल्या साउंड कार्डाला लिनक्स ओळखच देईना.

तरी चाललं असतं, पण आठवड्याने दादाची सीडी आली.

दादा बोटीवर इंजिनरूममध्ये कामाला होता. बाबा गेल्यावर आईने त्याला बोटीची नोकरी धरायला साफ नकार दिला होता. महिनाभर घरात धुसफूस चालली आणि जानेवारीत एका सकाळी तो तिला न सांगता, पाया न पडता निघून गेला. तेव्हापासून आईने त्याचं नाव घेतलं नव्हतं. सीडीबरोबर मला चिठ्ठी होती. 'ऋजू, आईशी जे बोलायचं ते यात बोललोय. दहा मेला सकाळी नऊला सिंगापूरहून फोन करीन. तिने ऐकलं असेल तरच तिला फोनवर बोलाव. नाहीतर नको. पुन्हा भांडण झेपायचं नाही मला.'

"आई, सायबर कॅफेत जाऊन ऐकू या," मी म्हटलं.

"माझ्या लेकाचं बोलणं चारचौघांत ऐकू? काहीतरीच काय गो!"

पण सीडी तिने देवघरात नेऊन ठेवली. म्हणजे ऐकायची होतीच.

तेजस्वीने फोनवर सांगितलं की कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्रॅम, तयार मिळायचा नाही. मासिकाच्या सीडीवर सोर्स कोड आहे, तो आपल्या मशीनवर कंपाइल करायचा, म्हणजे माणसांनी लिहिलेल्या हजारो फाइली मशीनला समजतील अशा करून घ्यायच्या. 'मेक' अशी आज्ञा द्यायची आणि बसून राहायचं. आमचं मशीन बेताचं, साडेतीन तास तरी लागणार. आणि मे महिन्यातली आमच्या नाचणे रोडची वीज! पहिल्या दिवशी दोन तासांनी गेली, दुसऱ्या दिवशी तीन तासांनी. दर वेळी मी सगळं पुसून पहिल्यापासून सुरू करायची. अर्धा शिजलेला भात पुन्हा चढवला की त्याचा लगदा होतो, तेच डोक्यात. असे सहा दिवस गेले.

नऊ तारखेला अकरा वाजता वीज गेली आणि मी कीबोर्डवर डोकं टेकून चक्क भोकाड पसरलं. आई आंबापोळीचं ताट घेऊन गच्चीवरून खाली येत होती, ढग आले होते म्हणून.

"परत गेलं का गो?"

"गेलं! आता पुन्हा पहिल्यापासून!"

"ते का?"

"का म्हणजे? अर्धवट राहिलं ना!"

तिने ताट माझ्यापुढे ठेवलं. "हे बघ. चार दिवसांचे चार थर झालेत. आज ढग आले म्हणून हे कुंपणाच्या गडग्यापलीकडे फेकू? उद्या ऊन पडलं की यावरच पाचवा थर ओतायचा. कुठे कड बिघडली असेल तर तेवढी खरवडायची. तुझ्या मशीनला एवढं कळत नसेल?"

"आई, ते तसं नसतं."

"तू विचारलंस त्याला?"

नव्हतं विचारलं. दुपारी वीज आल्यावर मी काहीही न पुसता नुसतं 'मेक' लिहिलं. आणि ते मेलं मशीन झालेल्या फाइली सोडून थेट राहिल्या जागी जाऊन कामाला लागलं! वीज जाताना हातात असलेली एकच फाइल बिघडली होती, तेवढी पुसली. सहा दिवस, सहा! स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

चार वाजता स्पीकरमधून दादाचा आवाज आला. मी उठून जात होते, आईने मनगट धरून बसवलं. मागे इंजिनाची घरघर.

"आई, त्या सकाळी मी फाटकातून परत आलो होतो. तू स्वयंपाकघरात पाठमोरी ताक घुसळत होतीस. हाक मारली असती तर पाय निघाला नसता, म्हणून नाही मारली. पाया पडायचं राहिलंय माझं."

एवढंच. आई म्हणाली, "परत लाव." पाच वेळा लावलं.

दहा तारखेला नऊला फोन वाजला. आईला मी ओळखते. महिनाभराची धुसफूस, न सांगता जाणं, सगळं पहिल्यापासून उकरून काढणार, हे मी धरूनच चालले होते. तिने रिसीव्हर उचलला. पलीकडचं "आई?" मलाही ऐकू आलं.

ती म्हणाली, "झालं रे ताक घुसळून. ये, पड आता पाया."

आणि वाकून तिने रिसीव्हर आपल्या पावलांपाशी धरला.