मत कुठे लिहायचं?

मित्रांनो, मी मोत्लाबेंग गावच्या शाळेतला एक जुना फळा आहे. गोंधळलेला फळा म्हणा हवं तर. तीस वर्षं अंगावर खडू झेलला, पण माणसं एकमेकांना पटवतात कशी, हे मला अजून धड कळलेलं नाही.

सुताराने मला घडवलं तेव्हा शाळा तपासायला आलेले साहेबसुद्धा माझा काळाभोर रंग बघत राहिले होते. पुढे मधोमध भेग पडली. नव्या वर्गांना नवे फळे आले आणि माझ्या वाट्याला सातवी उरली. मुलं जेमतेम अकरा.

मग सरकारने विचारलं, अकरा मुलांसाठी सातवी ठेवायची कशाला? गावाने आपलं मत कळवावं. वर्ग बंद झाला तर मुलांना दूरच्या वसतिगृहात जावं लागणार होतं. त्यातली बोइकान्यो तर जाऊच शकत नव्हती. तिच्या आईचे डोळे गेलेले, घरात दुसरं कोणी नाही. तिची शाळाच संपली असती.

वर्गाच्या तिरेलोबाईंनी माझ्यावर निबंधाचा आराखडा लिहिला. सगळ्यात वर मत: सातवी इथेच राहावी. खाली तीन कारणं, प्रत्येकाला एक दाखला. मग समोरच्याचं म्हणणं, त्याला उत्तर, शेवटी मागणी.

"बाई, मत आधीच सांगून टाकलं तर पुढचं ऐकणार कोण?" बोइकान्योने विचारलं.

"परीक्षेत असंच लागतं. लिही मुकाट्याने."

मला दोघींचंही पटलं. इथूनच माझा घोळ सुरू झाला.

निबंध गावाच्या बैठकीत, खोतलात, वाचायचा होता. आराखडा डोळ्यांसमोर असावा म्हणून बाईंनी मलाही गाढवाच्या गाडीत घातलं. बोइकान्यो उभी राहिली आणि तिने पहिलंच वाक्य वाचलं, "सातवी इथेच राहिली पाहिजे."

म्हातारे दित्शेबो खुर्चीतून वळले. "अगं पोरी, निकाल तूच दिलास. आता आमच्या खोसींनी काय शेळ्या राखायच्या?"

सगळे हसले. खोतलात आधी सगळ्यांनी बोलायचं आणि शेवटचा शब्द गावप्रमुख खोसींचा, हे शेंबडं पोरही जाणतं. बाई विसरल्या, आणि मीही. बोइकान्योने माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे तरी त्या आराखड्याशिवाय दुसरं काय होतं? मला फार वाईट वाटलं.

तिने कागदाची घडी घातली.

"आम्ही अकराच आहोत. अकरांसाठी एक बाई ठेवणं जड जातं, हे खरं आहे." दित्शेबोंनी मान हलवली. "गेल्या वर्षी आठवीसाठी चौघी वसतिगृहात गेल्या. तिघी परत आल्या, त्या आता घरीच असतात. माझी आई चाचपडत चूल पेटवते. दोनदा हात भाजलाय तिचा. एवढंच सांगायचं होतं, खोसी."

आणि ती खाली बसली. बाईंनी कपाळाला हात लावला. अरे, मागणी राहिली की! मत राहिलं! मी तर हबकूनच गेलो.

मग एकेक जण बोलला. दित्शेबो म्हणाले, "परत आलेल्या तिघींतली एक माझी नात आहे."

शेवटी खोसी उठले. "लिहून घ्या. सातवी इथेच राहावी, असं या गावाचं मत आहे."

मित्रांनो, निबंध लिहाल तेव्हा आराखडा जरूर करा, पण आधी ऐकणारा कोण ते विचारा. आणि मला ओल्या फडक्याने पुसू नका, भेगेत पाणी मुरतं.

दुसऱ्या दिवशी बाई खडू घेऊन माझ्यापुढे नुसत्याच उभ्या होत्या. "मत कुठे लिहू गं?" त्यांनी विचारलं.

"परीक्षेत वर लिहा, बाई," बोइकान्यो म्हणाली. "खोतलात ते खोसींनाच बोलू द्यायचं."