केसभर मागे

मी ड्रम मशीन बोलतेय. अंगावर सोळा बटणं आणि पोटात ढोलापासून झांजांपर्यंत सगळे आवाज असले, तरी मला स्वतःहून एक ठोकासुद्धा सुचत नाही. कुणीतरी सांगावा लागतो.

माझा पहिला मालक हॉटेलात की-बोर्ड वाजवायचा. कारखान्यातून मी शिकून आलेल्या ठेक्यांपैकी एकच त्यानं सात वर्षं दामटला. पुढे मी एका दुरुस्तीच्या दुकानात धूळ खात पडले. तिथून मला इलेक्ट्रॉनिक संगीत करणाऱ्या एका तरुणीनं घरी आणलं.

तिचे बाबा चाळीस वर्षं ड्रम वाजवत होते. मग पक्षाघातानं त्यांचा उजवा हात लुळा पडला. मला बघून ते म्हणाले, याचं सगळं बरोबर असतं, तीच याची चूक. आणि खोलीबाहेर निघाले.

तिनं वाद घातला नाही. एका ठेक्यातला एक ठोका जागेवरून किंचित मागे सरकवला आणि ठेका वाजवला. बाबा दारात थबकले.

"अजून केसभर मागे," ते म्हणाले.

त्या दिवसापासून त्यांची खुर्ची माझ्याशेजारी आली. ते तोंडानं बोल म्हणायचे, डाव्या हातानं टेबलावर वाजवून दाखवायचे. ती एकेक ठोका घालायची. हा हलका, तो जोरात, मधला नुसता स्पर्श. कधी एका ओळीत अख्खी सकाळ जायची. चार महिन्यांत माझ्यात बाबांचा हरवलेला हात उतरला.

आणि एके दिवशी माझ्या पडद्यावर अक्षरं उमटली : आतली बॅटरी संपत आली आहे.

आवाज रेकॉर्ड झाले असते, पण मग ठोके हलवता आले नसते. आणि काम अजून अर्धंच होतं. माझी आठवण त्या बॅटरीवरच टिकते, त्यामुळे आता मला बंद केलं की सगळं पुसलं जाणार होतं. तीन दिवस घरात माझ्या वायरजवळून कुणी चाललं नाही.

चौथ्या दिवशी दुरुस्तीवाला आला. मशीन चालू ठेवूनच बॅटरी बदलायची, आणि तार भलतीकडे टेकली तर सगळं गेलं, असं त्यानं आधीच सांगितलं. त्यानं माझं झाकण काढलं. एक तार कुणीतरी दाबून धरायची होती. तिनं हात पुढे केला आणि मागे घेतला.

"सरक," बाबा तिला म्हणाले. "मी धरतो."

त्यांनी डाव्या हातानं तार धरली. गरम कथिलाचा धूर वर गेला. दिवा एकदा मिचमिचला, माझा पडदा फिका पडला. बाबांचं बोट मात्र हललं नाही.

नवी बॅटरी बसली. तिनं बटण दाबलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं वाजलं. ती रडायला लागली.

बाबांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. मग म्हणाले, "हे ठेव बाजूला."

"बाजूला? बाबा, चार महिने..."

"हे उजव्या हाताचं. तो गेला, अगं. आता डाव्याला काय येतं ते बघू. यातली नव्या ठेक्याची रिकामी जागा उघड."

तिनं डोळे पुसले आणि उघडली.

आता रोज सकाळी तो हात टेबलावर अडखळतो, चुकतो, पुन्हा वाजवतो. काल तर दोघं एका ठोक्यावरून भांडलीसुद्धा. तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी फळीवर पडली असेल, तर तिला एकदा खाली काढा. आम्हाला सुचत काही नाही, पण सांगितलेलं आम्ही जिवापाड जपतो.