तिसऱ्या रांगेतला डीएनए

"ही तिसरी रांग कशाची?" निळ्या दिव्याखालच्या, डीएनए तपासायच्या जेलच्या तुकड्यावर वाकून मॅडमनी विचारलं.

"रिकाम्या बॅक्टेरियाची," विद्यार्थिनी म्हणाली. "आपल्या प्रथिनाचं जनुक त्यांच्यात घातलंच नव्हतं. बाकी सगळं जसंच्या तसं."

म्हणजे या रांगेतला डीएनए अखंड राहायला हवा होता. तो कापला गेला होता, शेजारच्या रांगेतल्याइतकाच आणि त्याच जागी. डीएनए कापतं म्हणून ज्या प्रथिनामुळे मॅडमचं नाव झालं, ते बिचारं काहीच कापत नव्हतं. कापत होतं बॅक्टेरियाचं स्वतःचंच कुठलंतरी प्रथिन. शुद्ध करताना ते चोरपावलांनी सोबत यायचं आणि बावीस वर्षं ते असंच येत होतं.

"नळ्यांची अदलाबदल झाली असेल."

"मलाही तेच वाटलं, मॅडम. म्हणून चार वेळा केलं."

मॅडम खुर्चीवर बसल्या. लेबल नसलेली नळी दिसली की ती कुणाचीही असो, सरळ कचऱ्यात टाकणारी ही बाई. थंड खोलीत उभं राहून राहून त्यांची बोटं वाकली होती. मुलीचं शाळेतलं एकही नाटक त्यांनी पाहिलं नव्हतं.

"माझ्या प्रबंधाचं काय?" विद्यार्थिनीचा आवाज चिरकला. "चार वर्षं गेली माझी यात."

मॅडमना तिला जवळ घ्यावंसं वाटलं, पण ते त्यांना कधी जमलंच नव्हतं.

"नाही सांगितलं तर?" ती हळूच म्हणाली. "तुम्ही शुक्रवारी निवृत्त होताय. मी पुढच्या महिन्यात प्रबंध देऊन टाकते. कुणाला कळणारे?"

खरं सांगायचं तर क्षणभर मॅडमना ते पटलं. तेवढ्यात फोन वाजला. नवरा होता.

"अगं, निरोपाचं भाषण लिहिलंस का? तुझं सगळं आपलं ऐनवेळी!"

"लिहितेय," म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि संगणकावर नियतकालिकाच्या संपादकांना पत्र लिहायला घेतलं. विद्यार्थिनी मागे उभी राहून वाचत होती. 'रिकाम्या बॅक्टेरियाशी तुलना करायची त्या वेळी राहून गेली. चूक सर्वस्वी माझी आहे. बावीस वर्षांपूर्वीचा तो शोधनिबंध मागे घ्यावा.'

मॅडमनी ते दोनदा वाचलं. मग पहिलं वाक्य पुसलं आणि त्या जागी लिहिलं, 'ही तुलना मी त्या वेळी एकदा केली होती. निष्कर्ष हाच आला होता. नळ्यांची अदलाबदल झाली असावी असं मानून मी तो टाकून दिला.'

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"दिसलं होतं," मॅडम म्हणाल्या. "पुन्हा करून बघायचा धीर झाला नाही गं."

विद्यार्थिनीनं अंगातला पांढरा कोट काढला, घडी न घालताच टेबलावर टाकला आणि ती निघून गेली.

मॅडमनी पत्राखाली आपलं नाव लिहिलं, त्याखाली हुद्दा लिहिला. मग हुद्दा पुसून पत्र पाठवून दिलं.