शेवटच्या टाकीतले पाणी

आमच्या कापड रंगवण्याच्या कारखान्याचे पर्यावरण-ध्येयपत्र लिहायचे ठरले, तेव्हा चार विभागांनी चार मसुदे स्वतंत्रपणे दिले. चारही मसुद्यांत एक वाक्य अक्षरशः सारखे होते : ‘ज्या पाण्यात स्वतःचा हात बुडवणार नाही, ते बाहेर सोडणार नाही.’

मालकांनी कागद माझ्यापुढे सरकवले. “एकाच ताटात जेवल्यासारखं लिहिलंय चौघांनी. नक्कल कुणाची ते शोधा. तुमच्या त्या नव्या मुलीची निघाली, तर तिला कायम करायचं नाही.”

नवी मुलगी म्हणजे माझ्या प्रयोगशाळेतली केमिस्ट. मनातले सगळे चेहऱ्यावर उमटते, म्हणून तिला सारे लिटमस म्हणतात.

उरलेले तिघे जुने. बॉयलरवाले काका म्हणाले, “नक्कल कसली, साहेब? मोठ्या बाई म्हणायच्या की.” मोठ्या बाई माझ्या आधीच्या प्रयोगशाळाप्रमुख. शुद्ध केलेले सांडपाणी बाहेर सोडणारी झडप उघडण्यापूर्वी त्या शेवटच्या टाकीत हात बुडवत आणि हे वाक्य उच्चारत. रंगमास्तर आणि गोदामातल्या वहिनींनीही तेच सांगितले. लिटमस मात्र बाई निवृत्त झाल्यानंतर रुजू झाली होती. संशय तिच्यावरच एकवटला.

“कुणाचं बघून लिहिलंस?” मी विचारले.

ती लाल झाली. “बघून नाही, सर. ऐकून. तुमचंच.”

“माझं?”

“रोज टाकीपाशी पुटपुटता ना. मला वाटलं, नियमच आहे.”

मला ते पटले नाही. हाताने पाण्याची परीक्षा होत नाही, हे मी स्वतः बाईंना ऐकवले होते. “उपकरण खोटं बोलत नाही रे,” त्या म्हणाल्या होत्या, “पण आकडा वाचणारा कंटाळतो. हात घालायचा म्हटलं की नीट वाचतो.” तेव्हापासून हात मीही घालत होतो; पण ते वाक्य मी कधी उच्चारले नव्हते, अशी माझी खात्री होती.

संध्याकाळी मालकांना आणि लिटमसला टाकीपाशी नेले. ओठ मिटून ठेवायचे, असे ठरवले होते. आकडे पाहिले, बाही सारली, हात पाण्यात घातला.

“म्हणालात, सर,” लिटमस हळूच म्हणाली.

“मीही ऐकलं,” मालक म्हणाले. “हिला कायम करा. आणि बाईंना फोन लावा.”

मी तिथूनच लावला. “बाई, आभार मानायचे होते. तुमचं वाक्य आमच्या ध्येयपत्रात पहिलं येतंय.”

“बरं. हात धुतलास का?”

मालकांना मी लेखी उत्तर दिले : नक्कल झालेली नाही. तिघांनी हे वाक्य बाईंच्या तोंडून ऐकले, चौथीने माझ्या. मी ते बाईंकडून घेतले होते, आणि घेतल्याचे मला ठाऊक नव्हते.