तळ्याकडून आलेला डबा

मार्गशीर्षाच्या पहिल्या गुरुवारी शहरावरची हवा खाली उतरली आणि हौसाबाई वाजंत्रींच्या स्वयंपाकघरात फडताळाच्या वरच्या फळीला येऊन टेकली. दरवर्षी ती उतरते, पण फार तर गच्चीपर्यंत. यंदा तिला जरा जास्तच आपुलकी वाटली असावी. हौसाबाईंनी अंगणात जाऊन खालून उलथन्यानं ठोकून पाहिलं. चांगला टणक आवाज आला. वर कबुतरं चालत होती, त्यांचे तळपाय दिसत होते. "वरचे डबे आधीच काढून ठेवाय पायजे होते," एवढंच त्या म्हणाल्या आणि वाकून भाजी चिरायला बसल्या.

शहराची ठेवणच तशी. तीन बाजूंना डोंगर, चौथीला तळं, म्हणजे परातच. थंडीत खालची हवा गारठते, वरची उबदार हवा तिच्यावर झाकणासारखी बसते, आणि मग धूर जाणार कुठे? भट्ट्यांचा, रिक्षांचा, जाळलेल्या कचऱ्याचा, सगळा आपल्याच अंगणात मुक्कामाला. लोकांची मात्र कुरकुर नव्हती. उंच माणसं बसून राहत, बुटक्यांचा भाव वधारला होता. हौसाबाईंचा होणारा जावई सहा फुटी, पण त्याला वाकून चालायची सवय लेकीनं, राजश्रीनं, साखरपुड्यापासूनच लावली होती.

अडचण एकच होती. रविवारी राजश्रीचं लग्न, आणि सनई वाजवायची ती तिच्या वडिलांनी, तातोबांनी. तीस वर्षं त्यांनी लोकांच्या मुली सासरी पाठवल्या होत्या. घरची ही एकुलती एक. शुक्रवारी सकाळी त्यांनी सनई तोंडाला लावली, तर सुराऐवजी करड्या लोकरीचा धागा बाहेर आला. हातभर. पुन्हा फुंकली, आणखी हातभर.

"सोटर हुईल एवढं निघालंय," हौसाबाई म्हणाल्या. "सूर कुठाय?"

"छातीत चांगली हवाच न्हाई, हौसा. वाजवू कशानं?"

राजश्री दारातून म्हणाली, "आबा, तुमची सनई न्हाई तर मी बोहल्यावर चढणार न्हाई. आधीच सांगून ठेवते."

ती आईवर गेली होती. चढणार नाही म्हणजे नाही.

आता भिस्त होती तळ्याच्या डब्यावर. रोज दुपारी ऊन तापलं की तळं घाटाच्या पायऱ्यांवर घरटी एक पितळी डबा ठेवतं, आत गार, ताजी हवा भरून. माणसं डबा घरी नेतात, उघडतात, पोटभर श्वास घेतात आणि संध्याकाळी परत ठेवतात. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नसतं हे तिथं कुणाला शिकवावं लागत नाही, म्हणून जो तो घरात असेल ते डब्यात भरतो. कुणी चुलीचा धूर, कुणी फोडणीचा ठसका, कुणी रिक्षाचं भुरभुरं काळं. तळं नाक न मुरडता घेतं.

शुक्रवारचा डबा हौसाबाईंनी नवऱ्याच्या तोंडाशी धरून उघडला. तातोबांना ठसका लागला, राजश्रीला शिंका. हौसाबाईंनी वास घेतला आणि त्यांचा चेहरा उतरला. गुरुवारी त्यांच्या हातून मिरच्यांची फोडणी जळली होती. ही तीच. आपला हात बाई कुठेही ओळखते.

पदर खोचून त्या घाटावर गेल्या.

"हे काय वो? माझीच फोडणी मला?"

"मग काय रिकामा डबा धाडू?" तळं म्हणालं. "उन्हाळ्यात तुमचं दिलेलं वारा डोंगरापल्याड नेतो. आता वर झाकण बसलंय. तुम्ही दिलेलंच माझ्याकडं शिल्लक राहतं."

"आणि आमीच रिकामा धाडला तर?"

तळ्यानं पायरीवरची लाट मागं ओढून घेतली. "लोक काय म्हणतील?"

"ते माझ्यावर सोडा."

हौसाबाई घरोघर फिरल्या. शनिवारी चुली बंद, भट्ट्या बंद, रिक्षा बंद, कचऱ्याला काडी लावायची नाही. दहीपोहे खा आणि काकडी चोचवा. लेकीचं लग्न म्हटल्यावर हे सगळ्यांनी ऐकलं. डबे रिकामे परत करायचे म्हटल्यावर मात्र कुणाला पचेना.

"रिकामा?" शेजारच्या इंदिराबाई रडकुंडीला आल्या. "चमचाभर तरी धूर घालते की वो वहिनी. बरं दिसत न्हाई."

हौसाबाईंनी त्यांच्यासमोर बसून तो डबा चिंचेनं घासून घेतला. संध्याकाळी अख्खं शहर तोंडाला पदर आणि रुमाल लावून घाटावर आलं, रिकामे डबे ठेवून, मागे न बघता भराभरा घरी गेलं. शहराला एवढी लाज कधी वाटली नव्हती. हौसाबाईंना मात्र हसू आवरेना.

रविवारपर्यंत हवा आणखी खाली आली. मांडवात पाहुणे बसून, नवरानवरी बसून, आणि भटजी आडवे होऊन मंगलाष्टकं म्हणत होते. बाराला डबा आला. तातोबांनी झाकण काढलं. आत ओल्या दगडांचा आणि शेवाळाचा वास होता. त्यांनी अख्खा डबा एका दमात ओढला आणि सनई ओठांना लावली.

सूर निघाला. हौसाबाई रडल्या, अगदी मोकळेपणानं रडल्या. वरची हवा हात हात उचलली जाऊ लागली. भटजी उठून बसले, मग उभे राहिले. नवरदेव पहिल्यांदाच ताठ उभा राहिला आणि राजश्री त्याच्याकडे बघतच बसली. हवा गच्चीच्या वर गेली, देवळाच्या कळसाच्या वर गेली, डोंगरांच्या माथ्याशी पोचली. तातोबांचा श्वास अजून तोच होता.

अंतरपाट दूर झाला. "आबा, लई भारी," राजश्री हार हातात घेऊन म्हणाली. "आता थांबा की, हार घालताना जवळ या."

तातोबांनी मान हलवली आणि भुवयांनी वर दाखवलं. सूर थांबला तर ते सगळं पुन्हा खाली येणार होतं. भटजींनी डाव्या हाताच्या अक्षता उजव्या हातात घेतल्या आणि वाट बघत राहिले.

मग हवेच्या मागोमाग तातोबांच्या टाचाही उचलल्या गेल्या. मग अंगठे. सूर न तोडता ते वीतभर वर गेले, मग हातभर. हौसाबाईंनी धावत जाऊन त्यांच्या धोतराचा सोगा धरला. "अहो," त्या म्हणाल्या, आणि त्यांचीही पावलं सतरंजीवरून सुटली.