लाल चिठ्ठी

"अगं बाई, हे इथं कसं आलं?" कार्डबाई स्वतःशीच ओरडल्या.

चष्म्याच्या घराचं अस्तर उसवलं होतं. त्यातून एक पिवळट कार्ड डोकावत होतं. इंग्रजी शब्द: हँड. अर्थ सहावा: कामाला ठेवलेला माणूस, मजूर. स्पॅनिश: पेओन. अक्षर बाईंचंच.

आज त्यांच्या नोकरीचा शेवटचा दिवस. चार वाजता निरोप, पाच वाजता इंग्रजी-स्पॅनिश शब्दकोशाची नवी आवृत्ती छापायला जाणार. एकतीस वर्षं बाईंनी या कोशाच्या कार्डांचे खण सांभाळले. एका अर्थाला एक कार्ड. कार्ड बाहेर काढलं, की त्या जागी सही केलेली लाल चिठ्ठी ठेवायची, हा बाईंचाच नियम. चिठ्ठी विसरणाऱ्याची त्या अशी हजेरी घेत, की भले भले विद्वान त्यांना बघून जिना बदलत.

आणि आता चोर घरातच निघाला! बाईंनी छपाईचं पान उघडलं. हात, मानो. घड्याळाचा काटा, मानेसिया. हस्ताक्षर, लेत्रा. सगळे जागच्या जागी. मजूर तेवढा गायब.

मग आठवलं. चार वर्षांपूर्वी नवरा दवाखान्यात होता. जन्मभर लाकडाच्या वखारीत ओझी उचललेला माणूस. त्याला दाखवायला म्हणून घाईघाईनं, लाल चिठ्ठी न ठेवताच, त्यांनी ते कार्ड चष्म्याच्या घरात घालून नेलं होतं.

"अहो, बघा. आमच्या कोशात तुम्हीपण आहात."

"काय सांगतेस! कितव्या नंबरावर?"

"सहाव्या."

"चला, लागला एकदाचा नंबर!" तो खोकत खोकत हसला होता.

तीन दिवसांनी तो गेला. त्या धबडग्यात कार्ड कुठलं आठवतंय! बाईंना भडभडून आलं. पण साडेतीन वाजले होते. डोळे पुसून त्या तडक संपादकांच्या खोलीत शिरल्या.

"हे पान थांबवा. एक अर्थ राहिलाय. चूक माझी आहे."

संपादक वयानं त्यांच्या मुलासारखा. त्यानं कपाळाला हात लावला. "बाई, जाऊ द्या हो. पुढच्या आवृत्तीत घालू. एकतीस वर्षांत चुकांच्या वहीत तुमचं नाव एकदाही नाही. भाषणात मी तेच सांगणार आहे."

"मग भाषण बदला. पुढची आवृत्ती यायला बारा वर्षं. तोवर कष्टाच्या माणसानं काय दाराबाहेर उभं राहायचं? हस्ताक्षराला दोन उदाहरणं दिलीत, त्यातलं एक उडवा. ओळ बरोब्बर बसते. मी अक्षरं मोजून आलेय."

खरंच बसली. मग बाईंनी चुकांची वही ओढून घेतली आणि आपलं पूर्ण नाव ठसठशीत लिहिलं. कोशावर त्यांचं नाव कधीच छापलं गेलं नव्हतं. या वहीत मात्र आता ते राहणार होतं.

चार वाजता संपादक भाषणात चांगलाच अडखळला. टाळ्या झाल्या, फुलं झाली.

जाण्याआधी बाई खणांपाशी गेल्या. पाचव्या आणि सातव्याच्या मध्ये त्यांनी कार्ड सरकवलं आणि खण लावला. मग एक कोरी लाल चिठ्ठी घेतली, तारीख घातली, सही केली आणि चष्म्याच्या घरात, उसवलेल्या अस्तराखाली, कार्डाच्या जागी नीट ठेवून दिली.